घरातल्या भिंतींची किरकोळ डागडुजी: खिळ्याच्या भोकापासून सुटलेल्या गिलाव्यापर्यंत

खिळ्यांची भोकं, दाराची मूठ आपटून पडलेला खड्डा, कपाट सरकवताना उडालेला कोपरा, स्विचबोर्डच्या वर उभी गेलेली भेग, पलंगामागे फुगलेला रंग. एवढ्याशा कामाला गवंडी येत नाही. आलाच तर दिवसाची पूर्ण मजुरी मागतो, आणि त्याचंही चुकत नाही, कारण थर वाळेपर्यंत त्याला बसून राहावं लागतं. रंगाऱ्याला बोलावलं तर तो म्हणणार, अख्खी खोलीच काढा. म्हणून हे काम आपणच करून टाकलेलं बरं. अवघड त्यात काहीच नाही, पण घाई अजिबात चालत नाही. भिंत ओली असताना भरलेली पुट्टी (भोकं बुजवून भिंत सपाट करायचं पांढरं लुकण), मग ती कितीही महागाची असो, पुढच्या पावसाळ्यात हातात येते.

माझा अनुभव असा की बहुतेकांची गडबड भरताना होत नाही, भरण्याच्या आधी होते. त्यामुळे पहिले तीन टप्पे नीट वाचा. बाकीचं काम हात आपोआप शिकतो.

१. भिंत कशाची आहे ते ओळखा

उखडलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हरने थोडं खरवडा.

करडी, वाळूसारखी खरखरीत पूड पडली तर सिमेंट-वाळूचा गिलावा. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत हाच असतो, साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा, आणि वर पुट्टीचा किंवा पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) पातळ थर. पांढरी, मऊ, पिठूळ पूड सलग आतपर्यंत येत राहिली तर जिप्समचा गिलावा. हल्लीच्या टॉवरमध्ये हा सर्रास दिसतो. त्यात सिमेंटचा माल भरायचा नाही, त्याला जिप्सम किंवा पीओपीच लागतं.

तिसरा प्रकार जुन्या वाड्यांतला आणि कोकणातल्या चिऱ्याच्या घरांतला: चुन्याचा किंवा मातीचा गिलावा. ही भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर ती बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचं ठिगळ लावलं की ओल त्याच्यामागे कोंडते आणि ठिगळाच्या कडेने चांगला असलेला जुना गिलावाही सुटायला लागतो. तिथे चुन्याची दुरुस्ती चुन्यानेच करावी आणि चुन्याचं काम माहीत असलेला जुना गवंडी मिळाला तर त्यालाच बोलवावं. खाली जे लिहिलंय ते पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

२. ओल आहे का, ते आधी बघा

रंगाला फुगे, पापुद्रे, पिवळसर डाग किंवा मिठासारखी पांढरी पूड, म्हणजे लोणा, दिसत असेल तर पुट्टीची पिशवी अजून उघडू नका.

सोपी परीक्षा अशी. जाड प्लॅस्टिकचा हातभर लांब तुकडा घ्या आणि त्या जागेवर चारही बाजूंनी टेप लावून हवाबंद चिकटवा. एक-दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला धरलं असेल तर ती खोलीतली दमट हवा आहे. त्यावर उपाय खिडकी उघडण्याचा, भिंत फोडण्याचा नाही.

भिंतीतून ओल येत असेल तर तिचा उगम शोधा. पलीकडे बाथरूम आहे का? वरच्या मजल्यावरच्या न्हाणीच्या फरशीचे सांधे गेलेत का? खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असेल तर बाहेरचा छज्जा किंवा खिडकीच्या चौकटीचं सील बघा. जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंतच डाग असेल, तेही तळमजल्यावर, तर पाणी पायातून वर चढतंय. तो किरकोळ दुरुस्तीचा विषय राहत नाही.

इथे सोसायटीशी वाद होतो, म्हणून एक गोष्ट माहीत असू द्या. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि सांडपाण्याच्या लाइनची गळती ही दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. गच्चीतून पाणी मुरून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि त्याचा गिलावा खराब झाला, तर तोही संस्थेच्याच माथी. घरातल्या न्हाणीची, मोरीची गळती मात्र सभासदाची. वरचे शेजारी ‘आमच्याकडे काहीच गळत नाही’ असं म्हणतात, नेहमीच म्हणतात. डागाचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या मीटिंगपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही.

उगम बंद झाल्यावरही भिंत लगेच वाळत नाही. पावसाळाभर भिजलेल्या भिंतीला ऑक्टोबरचं ऊन मिळू द्या. खरी पंचाईत हीच: दिवाळी तोंडावर आलेली असते आणि सगळ्यांना त्याच आठवड्यात भिंत चकचकीत हवी असते. ओली असेल तर यंदा तिथे कपाट सरकवा आणि डिसेंबर-जानेवारीत काम काढा.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून टाका, पाण्याने धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात आणि वाळताना पुन्हा पृष्ठभागावर येतात. झाडून काही दिवस थांबा, पुन्हा आला तर पुन्हा झाडा. यायचा थांबला की भिंत वाळत आली असं समजा.

३. कोणत्या भेगेला हात लावायचा नाही

केसाएवढ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा गिलावा वाळताना आकसल्यामुळे पडतात. त्या दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. खांब आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली उभी सरळ भेगही नेहमीची आहे, कारण काँक्रीट आणि वीट उन्हाने सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. स्विचबोर्डपासून छतापर्यंत सरळ उभी भेग दिसली तर तिथे वायरच्या पाइपसाठी झिरी मारलेली असते आणि ती वरवर बुजवलेली असते. या तिन्ही भेगा आपण भरू शकतो.

पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, दोन-तीन मिलिमीटरहून रुंद झालेली भेग, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसणारी भेग, किंवा खांब, तुळई आणि छत यांवर सळईच्या रेषेत गेलेली भेग व तिच्या कडेला गंजाचा तांबूस डाग, यांवर पुट्टी मारायची नाही. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. पुट्टीने तो पुरावा तेवढा झाकला जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तुमच्याकडे शेवटचं कधी झालं, ते सचिवांना विचारा.

शंका असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत भेग रेघेच्या पुढे गेली तर ती चालू भेग आहे.

४. सामान

हार्डवेअरच्या दुकानात सगळं एका फेरीत मिळतं.

- पुट्टी लावायचे दोन पत्रे (सपाट पाती): एक दोन इंची, एक सहा इंची
- पॉलिश पेपर: १२०, १८० आणि ३२० नंबर
- छोटी छिन्नी, हातोडी, पक्कड, जुना रंगाचा ब्रश
- पाण्याची स्प्रे बाटली
- व्हाइट सिमेंट पुट्टी १ किलो (जिप्समच्या भिंतीला डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी)
- भेगांसाठी फायबरची जाळीदार टेप
- खोल खड्ड्यांसाठी थोडं सिमेंट, चाळलेली बारीक वाळू, छोटी थापी आणि गवंड्याचा लाकडी रंधा (माल सपाट करायची मुठीची फळी)
- प्रायमर, भिंतीच्या शेडचा रंग, लहान रोलर
- मास्क, डोळ्यांना चष्मा, जमिनीवर टाकायला जुनी चादर

दुकानदार २० किंवा ४० किलोची पुट्टी स्वस्त पडते म्हणून गळ्यात मारतो. घेऊ नका. उघडलेली पिशवी दमट हवेत काही दिवसांत गोळे धरते, आणि गोळे झालेली पुट्टी चाळून वापरली तरी धरत नाही. पिशवीवरची उत्पादनाची तारीखही बघा.

५. खरवडा, ठोका, झाडा

काम सुरू करण्याआधी त्या भिंतीचा एमसीबी (मेन बोर्डवरचा वीज तोडणारा खटका) पाडा. वायरचे पाइप सहसा स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा आडवे जातात, त्या रेषेत छिन्नी जपून चालवा.

आता हातोडीच्या दांड्याने खड्ड्याच्या भोवती हलकेच ठोकत जा. घट्ट गिलावा भरीव वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. पोकळ वाजणारा भाग पेन्सिलने आखून घ्या आणि तेवढा सगळा काढून टाका. इथे जीव कासावीस होतो, कारण चार बोटांचा खड्डा पाहता पाहता वीतभर होतो. तरीही काढा, सुटलेल्या गिलाव्याच्या कडेला चिकटवलेलं नवं काम त्याच्यासकट खाली येणार आहे. कडा आतल्या बाजूला किंचित तिरक्या कापा, म्हणजे तोंड अरुंद आणि पोट रुंद. भरलेला माल त्यात अडकून बसतो.

फुगलेला रंग पत्र्याने घट्ट रंगापर्यंत खरवडा. मग तळहात भिंतीवर घासून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. ओल्या स्पंजने तो पुसून काढल्याशिवाय वर काही टिकणार नाही. ऑइलपेंट असेल तर त्याची चमक पेपरने मोडा.

जुन्या घरातला ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा केंद्राचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक असते. पाणी फवारून ओलं घासा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा आणि चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्या.

शेवटी ब्रशने सगळी धूळ झाडा. खड्ड्यात, भेगेत, कडांवर. धुळीवर लावलेली पुट्टी धुळीला चिकटते, भिंतीला नाही.

६. भरणं

पुट्टी कालवताना आधी पाणी घ्या आणि त्यात पावडर थोडी थोडी सोडत ढवळा. एक किलो पावडरला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी लागतं, पण पिशवीवर जे प्रमाण लिहिलंय ते पाळा. खड्डे भरायला मात्र घट्ट श्रीखंडासारखी हवी. पत्र्यावर घेऊन पत्रा उलटा केला तरी पडता कामा नये. पाच-दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा एकदा ढवळा. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट व्हायला लागली की पाणी घालून पुन्हा सैल करायची नाही.

*खिळ्यांची भोकं.* भोकाच्या तोंडाशी उचललेली कड पत्र्याच्या टोकाने दाबून आत घाला. एक थेंब पाणी फवारा, पुट्टी दाबून भरा आणि पत्रा जवळजवळ आडवा धरून एकदाच ओढा. दोनदा, तीनदा ओढत बसलं की भरलेलं परत बाहेर येतं. टूथपेस्ट आणि साबण भोकात घालण्याचा उपाय व्हिडिओत दिसतो. वर रंग लावला की त्याचा डाग उठतो.

*ड्रिलची भोकं.* आतला प्लॅस्टिकचा प्लग आधी काढा. त्यात स्क्रू अर्धा फिरवा आणि पकडीने स्क्रू धरून सरळ ओढा, प्लग सोबत येतो. हट्टी असेल तर ठोकून तीन-चार मिलिमीटर आत बसवा. एवढं खोल भोक एका दमात भरलं तर वाळल्यावर मध्यभागी खळगा पडतो, म्हणून दोन वेळा भरा, मध्ये एक रात्र जाऊ द्या.

*भेगा.* भेगेवर नुसती पुट्टी फासणं म्हणजे डोळ्यांत धूळ. ती आत शिरतच नाही. पत्र्याच्या टोकाने भेग इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दोन-तीन मिलिमीटर रुंद करा, झाडा, ओलावा द्या आणि पुट्टी आडवी, म्हणजे भेगेच्या काटकोनात, दाबून भरा. खांबाच्या सांध्यावर आणि वायरच्या झिरीवर हे पुरत नाही, कारण तिथे हालचाल पुन्हा होणार आहे. तिथे भेग भरून वाळली की फायबर जाळीची टेप लावा आणि तिच्यावर पुट्टीचे दोन पातळ थर सहा इंची पत्र्याने दोन्ही बाजूंना पसरत न्या. टेपची जाडी लपवायची तर थर टेपच्या दोन्ही कडांपुढे निदान चार-चार बोटं जायला हवा.

*खोल खड्डे.* पुट्टी हा जाडी भरायचा माल नव्हे. एका थरात एक-दीड मिलिमीटर, सगळे थर मिळून तीन मिलिमीटरच्या आसपास, त्याहून जाड झाली की तडकते. खोल खड्डा आधी गिलाव्यानेच भरावा लागतो. एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली वाळू. खड्डा चांगला भिजवा, पण पाणी तळाशी साचू देऊ नका. सिमेंटचं दाट पाणी ब्रशने आतून फिरवा आणि ते ओलं असतानाच माल थापीने जोर लावून मारा. खोली १५ मिलिमीटरहून जास्त असेल तर दोन थरांत करा आणि पहिला थर ओला असताना त्यावर खिळ्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा. रंध्याने गोल फिरवत सपाट करा, आणि भिंतीच्या पातळीपेक्षा एक-दोन मिलिमीटर खोलच ठेवा, ती जागा पुट्टीची. मग सात दिवस, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. लोक इथेच कंटाळतात, आणि मग तुकड्याच्या कडेने गोल भेग उमटली की सिमेंटला नावं ठेवतात. पाणी देऊन झाल्यावर तुकडा पूर्ण वाळून करड्याचा फिकट होईपर्यंत पुट्टी नको. एवढ्या जाडीला दोन-तीन आठवडे सहज जातात.

कोरड्या भिंतीत, विशेषतः जिप्समच्या, खड्डा भरायला पीओपी उत्तम. तेही पाण्यात पावडर सोडूनच कालवायचं. दहा-पंधरा मिनिटांत ते दगड होतं, तेव्हा वाटीभरच कालवा आणि भांडं प्लॅस्टिकचं घ्या, म्हणजे वाळल्यावर पिळून सोलता येतं. न्हाणीच्या सामाईक भिंतीला आणि बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला पीओपी लावू नका. ओलीत ते मऊ पडतं.

*उडालेला कोपरा.* एका बाजूला सरळ लाकडी पट्टी कोपऱ्याच्या रेषेत धरा किंवा टेकू देऊन उभी करा, दुसऱ्या बाजूने माल भरा. थोडा घट्ट झाल्यावर पट्टी वर उचलू नका, बाजूला सरकवत काढा. मग तीच कृती उलट बाजूने. दोन माणसं असली तर हे काम निम्म्या त्रासात होतं.

७. घासणं

रात्रभर वाळल्यावर १८० नंबरचा पेपर लाकडाच्या छोट्या ठोकळ्यावर गुंडाळून गोल फिरवत घासा. १२० चा फक्त मोठ्या उंचवट्यांना. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या मधे उंचवटे राहतात. मग खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च भिंतीला चिकटून आडवा धरा. दिव्याखाली सपाट वाटलेल्या भिंतीवर प्रत्येक खळग्याची सावली पडलेली दिसेल. तिथे पुट्टीचा अगदी पातळ दुसरा हात द्या, वाळवा, ३२० ने शेवटचं घासा. कडेवरून डोळे मिटून बोट फिरवलं तर सांधा लागता कामा नये.

घासताना पंखा बंद ठेवा. ही पीठमळीसारखी धूळ पंख्याने घरभर होते आणि मग स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांवरही सापडते.

८. प्रायमर आणि रंग

पुट्टीवर थेट रंग लावला तर ती तो पिते आणि तेवढाच तुकडा मलूल दिसतो. प्रायमरचा एक हात द्या, वाळू द्या, मग रंगाचे दोन हात. ब्रशने लावलेला तुकडा रोलरने रंगवलेल्या भिंतीत उठून दिसतो, म्हणून ठिगळाला छोटा रोलर वापरा आणि कडेला दाब कमी करत न्या.

शेडचा नंबर माहीत असला तरी जुना रंग फिका झालेला असतो. पांढरा, ऑफ-व्हाइट यांत ते खपून जातं. गडद रंगात नाही. तिथे ठिगळापुरता रंग लावण्याचा नाद सोडा आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण करा. दोन भिंती कोपऱ्यात वेगळाच उजेड घेतात, त्यामुळे फरक कळत नाही. शेड ठाऊक नसेल तर पापुद्र्याचा एखाद इंचाचा तुकडा जपून काढून दुकानात न्या, मशिनवर जवळची शेड लावून देतात.

९. भाड्याच्या घरात असाल तर

राहायला जातानाच प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा, आधीच्या भाडेकरूंची भोकं तुमच्या डिपॉझिटमधून जाऊ नयेत म्हणून. सोडताना दुरुस्ती करायची असेल तर चावी देण्याच्या आदल्या दिवशी काढू नका, निदान आठवडा हाती ठेवा. आणि रंग लावण्याआधी मालकांना विचारा. बरेच जण म्हणतात, भोकं बुजवून द्या, रंग आम्ही नव्या भाडेकरूच्या वेळी काढणारच आहोत. चुकीच्या शेडचं ठिगळ नुसत्या पांढऱ्या पुट्टीपेक्षा जास्त खुपतं.

१०. आवरताना

पुट्टीचं घमेलं बेसिनमध्ये किंवा मोरीत धुऊ नका, ती पाइपात जाऊन घट्ट बसते. उरलेली कागदावर काढून वाळू द्या आणि कोरड्या कचऱ्यात टाका. पत्रे लगेच पुसा. पावडर राहिली असेल तर पिशवीचं तोंड रबराने आवळून झाकणाच्या डब्यात ठेवा. रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, डबा पुढेमागे भंगारात जातोच. भरलेल्या भोकाच्या जागी पुन्हा फ्रेम लावायची असेल तर स्क्रू त्याच जागी मारू नका, पुट्टी वजन धरत नाही. दोन इंच बाजूला, घट्ट गिलाव्यात नवं भोक पाडा.